श्रीखंडाच्या डब्यात २५६० पानं

बारावीला बायो शिकवतो. परवा पॉप्युलेशन ग्रोथच्या प्रोजेक्टचे जर्नल तपासायला घेतले. प्रोजेक्ट साधा होता, पाव किलो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात खत घातलेलं पाणी, त्यात डकवीडची १० पानं सोडायची (तळ्यावर हिरवा थर दिसतो ना, तेच), डबा खिडकीत ठेवायचा आणि दर तीन दिवसांनी मोजायचं. पाच ग्रुप.

चार जर्नलमध्ये सेम टू सेम आकडे. १०, २०, ४०, ८०... शेवटी २५६०. म्हटलं अरे बाबांनो, त्या एवढ्याशा डब्यात २५६० पानं ठेवलीत कुठे, का शेजारच्या वर्गात नेऊन ठेवलीत? सगळे खाली बघायला लागले.

पाचव्या ग्रुपची मुलगी आधीच रडवेली. "सर आमचं चुकलं बहुतेक, वाढायचीच थांबली." तिचे आकडे १०, १९, ४१, ८५, १६०, २७०, ३४०, ३५५, ३५२. मी म्हटलं अगं चुकलं कुठे, हेच तर पाहिजे होतं! सुरुवातीला जागा मोकळी, पाण्यात खत भरपूर, म्हणून दुपटीने वाढ. मग पानावर पान चढायला लागलं, खालच्यांना ऊन मिळेना, खत संपत आलं, की वेग मंदावतो, ग्राफ S सारखा वळतो आणि आकडा एका पातळीला अडकतो. तीच कॅरिंग कपॅसिटी, पुस्तकातला K. वर्हुल्स्ट नावाच्या बेल्जियन माणसाने १८३८ मध्येच हे गणितात मांडलं होतं.

मग एकाने विचारलं की सर, पातळी ओलांडली तर? त्याला सेंट मॅथ्यू बेटाचं सांगितलं. बेरिंग समुद्रात आहे ते. १९४४ ला तिथे २९ रेनडियर सोडले, खायला लायकेन मुबलक (आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाचं भाऊबंद), शिकारी प्राणी एकही नाही. १९६३ पर्यंत ६००० झाले, सगळं चरून साफ केलं, लायकेन परत उगवायला वर्षानुवर्षं लागतात, त्यात कडक हिवाळा आला आणि १९६६ ला मोजले तर फक्त ४२ उरलेले. वर्गात पिनड्रॉप.

खरं सांगायचं तर त्या चार ग्रुपवर मी फार चिडू शकलो नाही, कारण पहिल्याच दिवशी फळ्यावर J (न थांबता वर चढत जाणारी रेघ) काढून "असा ग्राफ यायला पाहिजे" हे मीच बोललो होतो, पोरांनी आणून दिला. आता परत १० पानांपासून मोजतायत सगळे.

बेल झाल्यावर एकजण हळूच टेबलापाशी आला. "सर, पण बोर्डाला काय काढायचं, J का S?"