बिनकामाचा नंबर शून्य

कॉम्प्युटर अडकला की लोक माऊस आपटतात, एंटर बडवतात, शेवटी सरळ प्लगच काढतात. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे आत काय काय चालू आहे त्याची यादी, उघडतो. खरं सांगायचं तर काही अडकलेलं नसतानाही उघडतो. सांगलीत काही घ्यायचं नसताना संध्याकाळी हरभट रोडला चक्कर मारणारे असतात ना, तसलाच प्रकार. कोण जागं आहे, कोण किती मेमरी अडवून बसलंय, एवढंच बघायचं.

ब्राउझर एकच उघडलेला, पण त्याच्या नावाने पंधरा-वीस ओळी. एक टॅब कोसळला तरी बाकीचे तगावेत म्हणून केलेली ती विभागणी. एसव्हीसीहोस्ट नावाच्या ओळींचा तर नुसता सुळसुळाट, आणि नवख्याला तो हमखास व्हायरस वाटतो. विंडोजच्या आतल्या सेवा त्याच्या पोटात चालतात. पूर्वी एकेका पोटात अनेक सेवा कोंबलेल्या असायच्या. २०१७ पासून पुरेशी मेमरी असेल तिथे बऱ्याच सेवांना स्वतंत्र घर मिळालं, म्हणून यादी एवढी लांबली.

हा टास्क मॅनेजर डेव्ह प्लमर या प्रोग्रॅमरने घरी, फावल्या वेळात लिहिला. मग तो मायक्रोसॉफ्टने घेतला आणि १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये आला. फावल्या वेळाचं हे मला फार आवडतं, कारण या यादीत फावल्या वेळालाही स्वतःची ओळ आहे.

ती ओळ आमच्या शेजारच्या काकांनी हेरली. त्यांचं गणपती पेठेत किराणा मालाचं ठोक दुकान आहे. "मशीन लई स्लो झालंय, बघ जरा," म्हणून बोलावलं होतं. मी तपशिलाचा टॅब उघडला आणि काकांनी पडद्यावर बोट टेकवलं.

"हा कोण रे? सिस्टिम आयडल प्रोसेस. एकटा सत्त्याण्णव टक्के खातोय! मार की त्याला."

"काका, तो खात नाही. तेवढा प्रोसेसर रिकामा आहे."

प्रोसेसरला कुणाचंच काम नसलं की याची पाळी येते, आणि याचं काम म्हणजे प्रोसेसरला झोपवणं. वीज वाचते, पंखा गप्प राहतो. काढून टाकायला गेलं तरी विंडोज काढू देत नाही. यादीत त्याचा नंबर शून्य.

"बिनकामाचा आणि पहिला नंबर? मग लाव की त्याला कामाला."

"काम आलं की तो आपणहून बाजूला होतो."

काका जरा वेळ गप्प बसले. "असा माणूस बघितला नाही मी दुकानदारीत."

खरा गुन्हेगार प्रोसेसेसच्या टॅबमध्ये, डिस्कच्या रकान्यात सापडला. डिस्क शंभर टक्के. जुनी फिरती हार्ड डिस्क, आणि मशीन चालू होताच सगळे एकदम तिच्यावर तुटून पडत होते: अँटिव्हायरस, अपडेट, बॅकअप. अशा वेळी दिसेल त्यावर 'एंड टास्क' मारून प्रोग्रॅम बंद पाडत सुटणारे मला पटत नाहीत. न साठवलेला हिशेब जातो तो जातोच. विंडोजऐवजी लिनक्स वापरणारेही प्रोग्रॅम बंद करायला बरेचदा थेट 'किल मायनस नाइन' ही आज्ञा सांगतात. नुसतं 'किल' म्हटलं तर पंधरा नंबरचा निरोप जातो, प्रोग्रॅमला आवराआवर करायला सवड मिळते. नऊ नंबरला तीही नाही. आधी सांगून बघावं, एवढी सभ्यता यंत्रातही ठेवलेली आहे; आपल्यालाच घाई.

म्हणून कुणालाही न मारता स्टार्टअपचा टॅब उघडला. इथे 'डिसेबल' केलं तर प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त लॉगिन केल्याबरोबर आपसूक सुरू होत नाही. यादीत एक प्रिंटरचा मदतनीस सापडला. तो प्रिंटर २०१९ च्या पुरात दुकानातच बुडाला, मग भंगारात गेला. कॉम्प्युटर तेवढा काकांनी वेळेत माळ्यावर चढवला होता. म्हणजे इतकी वर्षं हा गडी रोज सकाळी उठून नसलेल्या प्रिंटरची शाई तपासतोय.

"बंद करू ना, काका?"

"विचारतोस काय, कर की! आणि खाली सरकव अजून. इन्व्हर्टरसोबत पण एक सीडी आली होती, त्यातलाही कोणतरी असंल बघ."