चतकोर

ऑक्टोबरात आमच्या घरी रोज रात्री पंख्यावरून भांडण असतं. झोपताना अंगाला घाम, म्हणून पंखा पाचवर. पहाटे चारला पायाशी गोळा झालेली चादर अंधारात चाचपायची, ती सापडेपर्यंत नाक चोंदलेलं. उठून पंखा बंद करावा तर दोन मिनिटांत हिचा आवाज, "बंद का केलास?" पुण्यात परतीचा पाऊस सरला की काही दिवस हे असंच चालतं. दुपारी वैशाख, पहाटे मार्गशीर्ष. दरवर्षी याच दिवसांत माझा घसा बसतो आणि दरवर्षी मला त्याचं नवल वाटतं.

आईला वाटत नाही. "ऋतू बदलतोय रे," एवढं म्हणून ती मीठ-हळदीचं कोमट पाणी पुढ्यात ठेवते.

मी आपला संकल्पवाला माणूस. 1 जानेवारीला जिमचे वर्षभराचे पैसे भरायचे आणि अकरा दिवस जायचं. मग मनगटावर घड्याळ आलं. रोज 10,000 पावलं! रात्री साडेदहाला सोफ्याभोवती फेऱ्या मारून मी आकडा पुरा करायचो, आणि खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या दिवशी जिन्यात विचारायचे, "काल उशिरापर्यंत पाहुणे होते का?" पुढे कधीतरी वाचनात आलं की हा आकडा काही डॉक्टरांनी ठरवलेला नाही. 1965 साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता म्हणून चालला. मी गोल असूनही चाललो नाही.

गेल्या वर्षी घसा बसल्यामुळे दोन दिवस घरीच होतो, तेव्हा पहिल्यांदा आईच्या परातीकडे नीट पाहिलं. भाकरीचं पीठ नेहमीसारखं पांढरं नव्हतं, किंचित राखाडी होतं.

"ज्वारी बदलली का?"

"बाजरी घातलीय मूठभर."

"मग सरळ बाजरीचीच कर की."

"एकदम लावली की तुम्हाला तोंड येतं."

हे ती किती वर्षं करतेय देव जाणे. दसरा झाला की तीन वाट्या ज्वारीला एक मूठ बाजरी. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत निम्मं-निम्मं. गारठा पडला की नुसती बाजरी, वर लोण्याचा गोळा, आणि भोगीला त्याच भाकरीला तीळ लागतात. महाशिवरात्रीनंतर हाच रस्ता उलटा. बाजरी दळायचीही किलो-किलोनेच, कारण तिचं पीठ लवकर कडू होतं. आम्ही जेवणारे मात्र बेखबर. 2023 साल आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये रंगीत फलक लागले होते. त्याच महिन्यात आमच्या ताटात बाजरी वाढत होती आणि मला पत्ता नव्हता.

माझा एक मित्र वैद्य आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "अरे, ही तर वाग्भटाची ऋतुसंधी." सरत्या ऋतूचा शेवटचा आठवडा आणि येणाऱ्याचा पहिला, असे ते चौदा दिवस. त्या काळात जुनं क्रमाक्रमाने सोडायचं, नवं क्रमाक्रमाने धरायचं. एकदम सोडलं किंवा एकदम धरलं तर दुखणं येतं, असं वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात स्वच्छ लिहिलंय. सवय मोडायची तीही पाव-पाव हिश्श्याने, म्हणाला.

पाव हिस्सा म्हणजे चतकोर. म्हणजे भाकरीचाच हिशेब. आईने अष्टांगहृदय उघडलेलं नाही. पंचांग मात्र उघडते, तेही चष्मा सापडला तर.

तर मी गुपचूप चतकोर धरला. चहात दोन चमचे साखर असायची, ती दीडवर आणली. एकदम बंद केली असती तर तिसऱ्या दिवशी टपरीवर जाऊन चार चमच्यांचा चहा प्यायलो असतो, स्वतःला ओळखतो मी. आठ दिवसांनी एक. अर्ध्या चमच्यावर येऊन गाडी अडलीय, ती अडू दे. दूध घरपोच यायचं, ते बंद करून सकाळी पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊ लागलो. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानाऐवजी चौकातलं. कार्तिकात तर टेकडीच्या पायथ्याजवळच्या डेअरीचं दूधच घट्ट असतं, असा शोध मी लावला आणि घरात तो खपलाही. टेकडी चढायची म्हणून मी एकदाही घराबाहेर पडलेलो नाही. दूध आणायला गेलो होतो, एवढंच.

अभ्यंगाचं मात्र जमलं नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला उटण्याचा वास आला की वाटतं, आता थंडीभर रोज तेल लावायचं. तीळतेलाची बाटली न्हाणीघरात होळीपर्यंत तशीच उभी असते. आई ती उचलते आणि फोडणीच्या कपाटात ठेवते, काही बोलत नाही.

यंदा ऑक्टोबर लागल्यावर मला दुसरंच सुचलं. रोज रात्री पंखा पाचवर असतो म्हणून पहाटेचा घोटाळा होतो ना? मग सोमवारी ही झोपल्यावर चारवर केला. काही बोलली नाही. काल तीनवर. सकाळी चहा पिताना म्हणाली, "थंडी पडायला लागली वाटतं." आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "हो, पडतेय हळूहळू." आणि माझ्याकडे बघून हसली.

आज दोन.