मावशी, घेऊ का घड्याळ?

माझा भाचा हिंजवडीत नोकरी करतो. गेल्या रविवारी जेवायला आला होता. उष्टा हात तसाच ठेवून त्यानं डाव्या हातानं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर रोलेक्स सबमरीनर. "मावशी, हप्त्यांवर मिळतंय. घेऊ का? नाहीतरी याची किंमत वाढतच जाते म्हणतात."

मला विचारलं, कारण आमच्या सगळ्या घराण्यात महागडं घड्याळ माझ्या एकटीकडे आहे. मी "नको" म्हणाले आणि तो हिरमुसला. ते "नको" फार तुटक झालं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

माझं घड्याळ ओमेगा स्पीडमास्टर. २०२३च्या दिवाळीआधी घेतलं. पाच वर्षं दरमहा नऊ हजारांची आवर्ती ठेव भरत होते, तिचे पैसे जवळजवळ सगळे त्यात गेले. "तेवढ्यात पाटल्या झाल्या असत्या, वर तोडेही," जाऊबाई म्हणाल्या. हिशेबानं त्या बरोबरच होत्या, त्यानंतर सोनं कुठल्या कुठे गेलं. पण मला पाटल्या नको होत्या.

का नको होत्या, ते माझ्या कामाबद्दल सांगितल्याशिवाय कळायचं नाही. भोसरीतल्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं काढली. त्यातली एकोणीस स्टँडर्ड्स रूममध्ये, म्हणजे मोजायच्या साधनांचीच मापं तपासायच्या खोलीत. बाहेर वैशाख असो की श्रावण, त्या खोलीत कायम २० अंश सेल्सिअस. पोलाद तापलं की वाढतं. १०० मिलिमीटरचा स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा, एक अंश तापमान चढलं तर एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) थोडा जास्त लांब होतो. नुसता तळहातावर धरला तरी त्याचं माप बदलतं. म्हणून मोजायच्या आधी तो थंड होऊ द्यायचा, वाट बघायची, मग मोजायचं, मग दाखल्यावर सही करायची. एका मायक्रॉनसाठी मी उत्पादन विभागाशी तासन्‌तास वाद घातलेत, आणि मला त्याचा आजही अभिमान आहे.

आमच्या धंद्यात इन्व्हार या मिश्रधातूचं नाव नेहमी निघायचं. निकेल आणि लोखंडाचा हा धातू तापमानानं जवळजवळ वाढतच नाही. तो शोधणारा शार्ल एदुआर गीयोम पॅरिसजवळच्या सेव्र इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमापं संस्थेत काम करायचा, पुढे तिचा संचालक झाला. १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला या कामासाठी मिळालं. नोकरीच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कधीतरी मी त्याच्याबद्दल वाचत होते, तेव्हा कळलं की तो स्वित्झर्लंडमधल्या फ्ल्युरिए या घड्याळांच्या गावचा आणि घड्याळजींच्या घरातला. त्यानं एलिन्व्हार नावाचा दुसरा मिश्रधातूही काढला. त्याचं वैशिष्ट्य असं की तापमान बदललं तरी त्याचा ताठरपणा बदलत नाही. त्याची केसासारखी बारीक स्प्रिंग घड्याळात बसवली आणि उन्हात मागे पडणं, थंडीत पुढे जाणं हे जुनं दुखणं पुष्कळ कमी झालं. माझी २० अंशांची खोली आणि मनगटावरचं घड्याळ यांचं असं जवळचं नातं निघालं. त्या दिवसापासून मी घड्याळांकडे दागिना म्हणून बघणं सोडलं.

स्पीडमास्टरपाशी मी पोचले ते नासाच्या चाचण्यांमुळे. अंतराळवीरांच्या मनगटावर बांधायचं घड्याळ निवडायला १९६४-६५मध्ये त्यांनी तीन कंपन्यांची घड्याळं तपासली. ७१ अंशांत ४८ तास, मग ९३ अंशांत अर्धा तास. उणे १८ अंशांत चार तास. सहा दिशांनी ४० जी चे, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या चाळीसपट जोराचे, धक्के. ९५ टक्क्यांहून जास्त दमट हवेत २४० तास. आम्ही एका अंशासाठी जीव टाकायचो आणि इथे हे! बाकी दोन्ही घड्याळं उष्णतेनं गेली. ओमेगा टिकलं, पण मला त्याहून आवडलं ते हे की अहवालात ओमेगाच्या चुकाही मांडल्या आहेत. हवेचा दाब कमी करण्याच्या चाचणीत ते २१ मिनिटं पुढे गेलं, त्वरणाच्या चाचणीत १५ मिनिटं मागे पडलं, तबकडीवरचा चमकणारा रंग जळून गेला. तरी शेवटी चालत होतं, आणि १ मार्च १९६५ला ते पसंत झालं. अशा अहवालावर मी डोळे मिटून सही केली असती, कारण लिहिणाऱ्यानं काही लपवलेलं नाही.

पुढची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. अपोलो ११च्या चंद्रावर उतरणाऱ्या यानातलं विजेवर चालणारं घड्याळ बंद पडलं म्हणून आर्मस्ट्राँगनं आपलं स्पीडमास्टर यानातच ठेवलं आणि ऑल्ड्रिन स्वतःचं स्पीडमास्टर मनगटावर बांधून चंद्रावर उतरला. अपोलो १३ परतताना इंजिन १४ सेकंद चालवायचं होतं, ते अंतराळवीर जॅक स्विगर्टनं अशाच स्पीडमास्टरवर मोजलं.

मी घ्यायला गेले त्या दुकानात (नाव कशाला सांगू) आधी मला हिरेजडित बारीक घड्याळं दाखवली. मी स्पीडमास्टर मागितलं तर "सरांसाठी का?" असं विचारलं. ४२ मिलिमीटरचं घड्याळ माझ्या मनगटाला मोठंच होतं. हवं मलाच होतं. आणि वर प्लास्टिकची काच असलेलंच हवं होतं, कारण ती फुटून तिचे तुकडे उडत नाहीत, चंद्रावर नेलेल्याचीही तीच होती. तिला ओरखडे लवकर पडतात. माझ्या घड्याळाला पहिला ओरखडा नारळ खवताना खवणीनं दिला. पॉलिश लावून घासलं की जातो, पण मी ठेवलाय.

सोबत दाखला येतो. स्वित्झर्लंडची राष्ट्रीय मापनसंस्था मेटास हिनं ठरवलेल्या कसोट्या: सहा वेगवेगळ्या स्थितींत ठेवून, भरलेल्या आणि उतरत आलेल्या किल्लीवर, १५,००० गॉसच्या चुंबकीय क्षेत्रात. दिवसाला शून्य ते पाच सेकंद पुढे चालेल, मागे नाही. यातलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झुलणारं चाक, दिवसाला ५,१८,४०० ठोके देतं, स्प्रिंग आता सिलिकॉनची आहे. पाच सेकंद म्हणजे १७,२८० सेकंदांमागे एका सेकंदाची चूक, तीही विजेशिवाय, नुसत्या गुंडाळलेल्या धातूच्या पट्टीच्या जोरावर. एकोणीस वर्षं मी मोजलेल्या वस्तू दुसऱ्यांच्या इंजिनांत गेल्या. माझ्यासाठी म्हणून कुणीतरी इतकं बारकाईनं मोजलेली ही पहिलीच वस्तू. दुकानाबाहेर रिक्षात बसून मी तो दाखला दोनदा वाचला.

वेळ बघायला एवढे पैसे घालायची गरज आहे का? मुळीच नाही. नऊशे रुपयांच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि महिनाभरात त्याची जेवढी चूक होते तेवढी माझं घड्याळ एका आठवड्यात सहज करू शकतं. १९६९च्या नाताळात सायकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं, त्यानंतरच्या पंधरा वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. अचूकतेचा सामना तेव्हाच संपला.

आता भाच्याला.

रोलेक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. दिवसाला दोन सेकंद इकडे किंवा तिकडे एवढीच सूट ते स्वतःला देतात, ही मोठी गोष्ट आहे. पण तू हप्त्यांवर घेतोयस, म्हणजे घड्याळाच्या किमतीवर व्याज भरणार. किंमत वाढतेच असं नाही रे. २०२१ आणि २०२२च्या सुरुवातीला जुन्या बाजारात भाव वेड्यासारखे चढले आणि मग चांगलेच उतरले. चढ्या भावानं घेतलेल्यांना ते लागलं. शिवाय विकायचं म्हणून घेतलेलं घड्याळ तू घालशीलच कसा? ओरखडा पडेल म्हणून लॉकरमध्ये ठेवशील, आणि तिथे ते बंद पडून राहील. काही वर्षांनी सगळे भाग सुटे करून साफसफाई आणि तेलपाणी करावं लागतं, तो खर्च दहा हजारांच्या पटीत असतो. माझ्या घड्याळासाठी मी त्याची वेगळी ठेव सुरू केली आहे. ती सुरू करणं जमत नसेल तर घड्याळही परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं मी त्याला रविवारी थोडंफार बोलले. मग विचारलं, "दुकानात जाऊन हातात घेऊन तरी बघितलंस का?" तो नाही म्हणाला. फक्त व्हिडिओ बघितले होते.

निघताना मी माझं काढून त्याच्या मनगटावर बांधलं. "पुढच्या रविवारपर्यंत तुझं. रोज सकाळी किल्ली द्यायची, मोबाइलशी ताडून फरक लिहायचा." सोबत माझी वही दिली. तो आधी घाबरला, मग सांभाळून खिशात हात घालून गेला.

वहीच्या पानाचा फोटो तो रोज पाठवतोय. सोमवार, +२ सेकंद. मंगळवार, एकूण +५. बुधवार, एकूण +७. गुरुवारी किल्ली द्यायला विसरला. पन्नास तास चालतं म्हणून बंद पडलं नाही, पण त्यानं घाबरून मला फोन केला. आत्ता, शनिवारी रात्री, मेसेज आला आहे: "मावशी, याचं मागचं झाकण उघडून आत बघता येतं का?"

याचं उघडायचं नाही, कळवलं. कपाटात यांचं दहावी पास झाल्यावर मिळालेलं एचएमटी जनता आहे, बरीच वर्षं बंद. ते उघडू. चिमटा आणि भिंग मी काढून ठेवलंय, पांढरं कापडही. बारीक स्क्रू घरंगळले तर पांढऱ्यावर दिसतात.