घरच्या रीफ टाकीत ब्रिटल स्टार जगवताना

ह्यूस्टनजवळच्या आमच्या घरी ७५ गॅलनची, म्हणजे साधारण २८५ लिटरची, खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यातले मऊ प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी वर्षभरात स्थिरावली, तेव्हा खडकांच्या फटींत साचणारे अन्न खाणारा एखादा प्राणी हवा म्हणून मी ब्रिटल स्टार, म्हणजे तारामाशाचा लांब भुजांचा नातलग, आणायचे ठरवले. लहानपणी रत्नागिरीला ओहोटीच्या वेळी दगड उलटला की वळवळत शेजारच्या फटीत शिरणारे हे जीव मी पाहिले होते, त्यामुळे ओढही होती. शाळेत कंटकचर्मी संघात तारामाशाच्या शेजारी यांचे चित्र असे; पण तारामासा आपल्या नलिकापादांवर सावकाश सरकतो, तर हे प्राणी लांब भुजांनी पाणी कापत चक्क पळतात. मधली चकती भुजांपासून स्पष्ट वेगळी दिसते. भुजांवर काटे उभे असतील तर हौशी लोक त्याला ब्रिटल स्टार म्हणतात, आणि काटे अंगालगत बसून भुजा सापासारखी गुळगुळीत दिसत असेल तर सर्पंट स्टार.

पहिला ब्रिटल स्टार माझ्याकडे पाच दिवस जगला. दुकानातून पिशवी आणली, तापमान जुळावे म्हणून पंधरा मिनिटे टाकीत तरंगत ठेवली, अर्ध्या तासात तीन-चार वेळा कपभर पाणी तिच्यात घातले आणि प्राणी सोडून दिला. मासे मी असेच सोडत आलो होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या भुजा सैल पडल्या, तिसऱ्या दिवशी भुजांची टोके गळू लागली आणि पाचव्या दिवशी चकतीसुद्धा विरघळल्यासारखी झाली. पिशवीतले थोडे पाणी बादलीत उरले होते, ते मी तेव्हा मोजले. त्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२० होते आणि माझ्या टाकीचे १.०२६. दर हजार भागांत सुमारे २७ भाग मीठ असलेल्या पाण्यातून तो प्राणी अर्ध्या तासात ३५ भागांच्या पाण्यात आला होता. अनेक दुकाने माशांवरील परजीवी आटोक्यात राहावेत आणि मीठही वाचावे म्हणून पाणी मुद्दाम कमी खारट ठेवतात. हे मी आधी विचारायला हवे होते.

माशाच्या अंगात क्षारांचा तोल राखणारी व्यवस्था असते. कंटकचर्मींमध्ये मूत्रपिंडासारखे इंद्रियच नसते. त्यांच्या अंगातला द्रव बाहेरच्या समुद्राइतकाच खारट राहतो. बाहेरचे पाणी एकाएकी खारट झाले की पेशींतले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, आणि त्याचा परिणाम लगेच न दिसता दोन-तीन दिवसांनी दिसतो. म्हणूनच पुष्कळांना वाटते की प्राणी आधीपासूनच आजारी होता.

त्यानंतर मी ठिबक पद्धत धरली आणि ती आजतागायत सोडलेली नाही. प्राणी पिशवीतल्या पाण्यासह स्वच्छ बादलीत घ्यायचा, टाकीतून हवेच्या पंपाची बारीक नळी खाली आणायची, तिला सैल गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब पडतील असे करायचे आणि बादलीतल्या पाण्याचे विशिष्ट गुरुत्व टाकीशी जुळेपर्यंत थांबायचे. मला तीन तास लागतात. हिवाळ्यात बादलीतले पाणी गार पडते, तेव्हा छोटा हीटर लावतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे पाण्याची क्षारता मोजायचे उपकरण, नळाच्या पाण्यावर शून्याला न लावता ३५ भागांच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घेतो, कारण चुकीच्या आकड्याशी जुळवण्यात तीन तास घालवणे व्यर्थ आहे. शेवटी प्राणी जाळीने उचलत नाही, काटे तिच्यात अडकून भुजा तुटतात. प्लॅस्टिकच्या डब्यात पाण्यासकट घेऊन खडकाच्या सावलीत सोडतो.

दुसऱ्या खेपेला मी हिरवा ब्रिटल स्टार आणला, ओफिआराक्ना इन्क्रासाटा. तो चिवट असतो असे दुकानात सांगितले होते आणि ते खरेच होते. आठ महिन्यांत तो भुजा पसरल्यावर फूटभराहून मोठा झाला. मात्र त्याच काळात माझे दोन छोटे गोबी मासे एकामागून एक नाहीसे झाले. एका रात्री टाकीचे दिवे मालवल्यावर लाल विजेरीच्या उजेडात मी तासभर बसलो, तेव्हा कारण समोर आले. तो भुजांच्या कमानींवर चकती उचलून टेबलासारखा स्तब्ध उभा होता आणि त्या आयत्या गुहेत एक झोपाळू मासा शिरू पाहत होता. मी काचेवर टिचकी मारून तो मासा हुसकावला. तसे केले नसते तर चकती पीळ देत खाली आली असती आणि भुजांचा पिंजरा मिटला असता. ही जात अशीच शिकार करते. लहान मासे असलेल्या टाकीत हा प्राणी ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात कोळंबी ठेवली, पहाटे तो त्यात विसावला, आणि पाइपसकट तो मासे नसलेल्या एका मोठ्या टाकीत गेला.

आता माझ्याकडे चार वर्षांपासून ओफिओडर्मा ॲप्रेसम आहे. राखाडी-हिरवट भुजांवर पट्टे असलेला हा सर्पंट स्टार कॅरिबियन आणि फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा आहे. ‘सफाई करणारा’ म्हणून विकत घेतलेले हे प्राणी स्वच्छ टाकीत हळूहळू उपाशी मरतात, याची मला सर्वांत जास्त खंत वाटते. म्हणून आठवड्यातून दोनदा, दिवे मालवल्यावर, वाटाण्याएवढा कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने त्याच्या फटीपाशी नेतो. अर्ध्या मिनिटात पाण्यात वास पसरतो, भुजेचे टोक बाहेर येते, तुकड्याभोवती वेटोळे घालते आणि तो चकतीखालच्या तोंडाकडे पोहोचवते. स्वच्छक कोळंबी आणि शंखात राहणारे खेकडे तो तुकडा पळवतात, म्हणून त्यांना आधी दुसऱ्या टोकाला खाऊ घालावे लागते. चकती वरून भरलेली, किंचित फुगीर दिसली की मी निश्चिंत असतो. ती खपाटीला गेली तर खाणे वाढवतो.

भुजा तुटल्याने घाबरण्याचे कारण नसते. दुसऱ्या वर्षी पंपाच्या तोंडाशी एक भुजा निम्मी तुटली. त्या जागी आधी सुतासारखा फिकट कोंब आला आणि काही महिन्यांत पट्टे उमटले. पंपाच्या तोंडावर मी तेव्हापासून स्पंज बसवला आहे. विनाकारण दोन-तीन भुजांची टोके एकदम गळू लागली, तर मात्र लगेच पाणी तपासावे.

अशी वेळ मागच्या हिवाळ्यात आली. आम्ही दोन आठवड्यांसाठी रत्नागिरीला गेलो आणि शेजारच्या मित्राला टाकीत रोज पाणी भरायला सांगितले. वाफेने फक्त पाणी जाते, मीठ टाकीतच राहते, म्हणून भरायचे ते गोडे पाणी; हे सांगायचे मी विसरलो आणि त्यांनी कोपऱ्यातल्या पिंपातले, पाणी बदलण्यासाठी मीठ घालून ठेवलेले पाणी रोज पाऊण गॅलन भरले. परतलो तेव्हा विशिष्ट गुरुत्व १.०३० झाले होते आणि एरवी दिवसा न दिसणारा सर्पंट स्टार भर उजेडात काचेवर भुजा ताणून बसला होता. एकदम गोडे पाणी ओतावे असे फार वाटले, पण पहिल्या प्राण्याची आठवण होती. रोज दर हजारी एक भाग याच बेताने पाच दिवसांत मी क्षारता ३५वर आणली. चौथ्या रात्री तो पुन्हा फटीत गेला आणि सहाव्या रात्री त्याने कोळंबी घेतली. त्या पिंपावर आता मोठ्या मराठी अक्षरांत लिहिले आहे: ‘खारे पाणी. टाकीत भरू नये.’ गोड्या पाण्याचे पिंप वेगळ्या खोलीत ठेवले आहे, आणि मित्राला दोन्ही पिंपे समोर उभे राहून दाखवली आहेत.