जुन्या गाडीचं तेलपाणी

माझी मोटारसायकल पंचवीस वर्षांची आहे. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर, पाण्याने थंड होणारं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. मागच्या हिवाळ्यात ती तीन महिने झाकून उभी होती. मी दर रविवारी आच्छादन बाजूला करायचो, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचो आणि आपण गाडीची काळजी घेतली या समाधानात घरात यायचो. थंडी सरली तेव्हा तेल भरायचं झाकण उघडून पाहिलं, तर आतून फेसाळ, पिवळट लेप बसलेला.

पेट्रोल जळताना पाणीही तयार होतं. त्यातलं थोडं पिस्टनच्या कडेने खाली तेलात उतरतं. इंजिन नीट तापलं तर त्याची वाफ होऊन ते निघून जातं, पण थंडीत जागच्या जागी पाच मिनिटं चालवून इंजिन तापत नाही. म्हणजे दर रविवारी मी तेलात चमचाभर पाणी घालत होतो, तेही श्रद्धेने.

यंदा ठरवलं, चालू-बंद करण्याचा खेळ नको. थंडी पडायच्या आत गाडीतलं प्रत्येक द्रव बदलायचं आणि मग तिला शांतपणे उभी राहू द्यायची. आधीच्या मालकाने 'सगळं वेळच्या वेळी केलंय' असं सांगितलं होतं. विकताना सगळेच असं सांगतात. मीही सांगेन.

इंजिन ऑइल सगळ्यात सोपं, म्हणून त्यापासून सुरुवात केली. वीसेक मिनिटांचा फेरफटका मारून आलो, कारण कोमट तेल पातळ असतं आणि तळाची मळी सोबत घेऊन बाहेर पडतं. ते उभं राहण्याआधी बदलायचं, नंतर नाही. वापरलेल्या तेलात ओलावा आणि आम्ल जमलेलं असतं, आणि ते तीन महिने बेअरिंगांना लागून राहतं. नवं १०डब्ल्यू-४० जाडीचं तेल घेतलं, डब्यावर 'जासो एमए' हे मोटारसायकलच्या तेलाचं जपानी मानक लिहिलंय हे पाहून. मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. कारसाठीच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यांनी क्लच घसरायला लागतो. फिल्टर बदलला, ड्रेन बोल्टखालचा वायसर बदलला आणि बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तकात दिलाय तेवढाच आवळला. इंजिनचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं आहे. 'अजून एकदा' म्हणून जोर लावला की आटे जातात.

एका तासात हे उरकलं आणि मला वाटलं, आता दुपारपर्यंत मोकळा. तो दिवस आणि पुढचे दोन दिवस ब्रेकने खाल्ले.

ब्रेक ऑइल बदलायचं ठरवलं तेव्हा ब्रेकबद्दल माझी तक्रारच नव्हती. लीव्हर जरा मऊ होता, पण तो नेहमीच तसा होता. निदान मला तसं वाटत होतं. हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टीची हाताला सवय होते आणि मग तेच नेहमीचं वाटायला लागतं. ब्रेकमधलं डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव हवेतला ओलावा शोषून घेतं. बाटलीतून काढलं तेव्हा ते किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर सतत ब्रेक दाबला की कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटणारा भाग, तापतो, द्रव उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबलं जात नाही. लीव्हर सरळ दांड्याला टेकतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदला असं सांगतात, गाडी चालवली असो वा नसो. हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या छोट्या टाकीच्या काचेतून ते चहासारखं दिसत होतं, आणि मला वाटायचं की रंगच तो असावा. नवं द्रव जवळजवळ रंगहीन असतं.

पहिला अडथळा टाकीच्या झाकणाचे दोन स्क्रू. फिलिप्सचा स्क्रूड्रायव्हर लावला, जोर दिला, तो उसळून वर आला आणि सोबत स्क्रूच्या खाचेचा कोपराही. मग कळलं की जुन्या जपानी गाड्यांचे हे स्क्रू फिलिप्सचे नसतातच. दिसायला जुळे भाऊ, पण माप जेआयएस या जपानी मानकाचं, खाच जरा वेगळी. हे मला वीस वर्षं कुणी का सांगितलं नाही? योग्य टोकाचा स्क्रूड्रायव्हर आणला, टोकाला व्हॉल्व्ह घासायची पेस्ट किंचित लावली, वरून हातोडीने दोन हलके टोले दिले आणि स्क्रू निमूट सुटले.

आत तळाशी करडा गाळ होता. जुनं द्रव सिरिंजने ओढून घेतलं, गाळ पुसला, नवं भरलं. पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं पसरून ठेवलं होतं, कारण हे द्रव रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, पाण्यात ते मिसळून जातं.

खाली कॅलिपरवरचा ब्लीड निपल, म्हणजे जुनं द्रव आणि हवा बाहेर सोडायची तोटी, जाम. इथे घाई केली असती तर तो तुटला असता आणि कॅलिपरच बदलावा लागला असता. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर तसाच ठेवला. सकाळी साधा पाना न लावता सहा बाजूंनी धरणारा सॉकेट लावला. चर्रर आवाज झाला. माझ्या पोटातही तसाच झाला. पण सुटला.

पुढचं काम दोघांचं. मुलीला लीव्हरपाशी बसवलं, मी खाली नळी आणि बाटली घेऊन.

"दाब. धरून ठेव."

मी निपल पाव फेरा सोडायचो, काळपट द्रव नळीतून उतरायचं, निपल बंद.

"आता सोड."

"बाबा, हे किती वेळा?"

"स्वच्छ येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

चाळीसेक वेळा झालं असावं. ती मोजत होती, पण मध्ये एकदा चुकली. एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं होतं, वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. आणि नेमकं तेच चुकलं. मी नळीकडे बघत बसलो, वर द्रव संपलं आणि लीव्हरने हवा खाल्ली. सगळं पहिल्यापासून. मुलगी काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेला नळीत बुडबुडे यायचे थांबले, तरी लीव्हर दाबल्यावर शेवटी थोडा स्पंजासारखा लागत होता. तेव्हा जुनी युक्ती केली. लीव्हर दाबून हँडलच्या दांड्याला घट्ट बांधला, हँडल असं वळवलं की टाकी सगळ्यात उंच राहील, आणि झोपायला गेलो. अडकलेले बारीक बुडबुडे रात्रीतून वर सरकतात. सकाळी बांधलेला पट्टा सोडून लीव्हर ओढला, तर बोटभर अंतरावर दगडासारखा थांबला. ही गाडी घेतल्यापासून तिचा ब्रेक असा मला कधी लागलाच नव्हता.

मग पुढचे शॉकअप. यातलं तेल बदलायचं असतं हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं, कारण ते गळत नाही तोवर दिसत नाही. गाडी इंजिनखालून नीट उचलून पुढचं चाक काढलं. शॉकअपचे पाय, म्हणजे चाकाच्या दोन बाजूंच्या नळ्या, काढण्याआधी वरच्या पकडीचा बोल्ट ढिला केला आणि शॉकअपची वरची टोपी थोडी सैल करून घेतली. ती टोपी हातात धरलेल्या सुट्या नळीवर सुटत नाही. आणि शेवटचे आटे सोडताना तोंड बाजूला ठेवायचं, खाली दाबलेली स्प्रिंग असते.

वास! सडक्या मासळीचा आणि जळक्या रबराचा मिळून एक. तेल करडं, धातूच्या भुकटीने चमकणारं. माझ्या गाडीच्या पुस्तकात प्रत्येक पायात ३८० मिलिलिटर दिलंय. डाव्यातून निघालं २९०, उजव्यातून ३४०. खड्ड्यात गाडीचं नाक धप्पकन बसायचं त्याचा दोष मी इतकी वर्षं रस्त्याला देत होतो.

नवं तेल मोजून ओतलं, नळी वरखाली करून हवा काढली. तरी मापाच्या भांड्यावर विसंबायचं नसतं, जुनं तेल थोडं आत राहतंच. स्प्रिंग बाहेर, नळी पूर्ण खाली दाबलेली, आणि वरच्या कडेपासून तेलापर्यंतची उंची पट्टीने मोजायची. दोन्ही पायांत ती सारखी हवी. जास्तीचं सिरिंजने ओढून घेतलं. हे काम मला मनापासून आवडलं. का ते सांगता येणार नाही, पण दोन्हीकडे पट्टी एकाच रेघेवर भिजली तेव्हा मी मुलीला हाक मारून दाखवलं. तिने 'छान' म्हटलं आणि गेली.

इंजिन थंड ठेवणारा कूलंट हिरवा असायला हवा होता, निघाला तांबूस. इंजिन गार असतानाच रेडिएटरचं झाकण उघडायचं, गरम असताना उकळता फवारा अंगावर येतो. साध्या पाण्याने तीनदा धुतलं, शेवटी डिस्टिल्ड पाण्याने. नवा कूलंट निम्मा, डिस्टिल्ड पाणी निम्मं. या प्रमाणात तो शून्याखाली ३५ अंशांच्या आसपासही गोठत नाही. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. इंजिन तापून थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची वाट उघडणारी झडप, उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा वरून भरायचं. जुना कूलंट बाटलीत भरून ठेवला. तो गोडसर लागतो, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात.

बाकीचं पटापट झालं. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, म्हणजे आत हवा कमी आणि गंज कमी. पेट्रोलचा कॉक बंद करून दोन्ही कार्बोरेटरच्या तळाचे स्क्रू सोडले, उरलंसुरलं पेट्रोल काढून टाकलं. ते तिथेच सुकलं की चिकट राळ होते आणि अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक पायलट जेट, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणारं भोक, बुजतो. साखळी रॉकेलने पुसून वंगण लावलं. बॅटरी काढून घरात ठेवली, महिन्यातून एकदा चार्ज. पूर्ण भरलेली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते. उतरलेली कडक थंडीत गोठते, भरलेली सहसा गोठत नाही. टायरांत हवा थोडी जास्त भरली, कारण तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय आपसूक कमी होतात.

तीन महिने मी तिला हात लावला नाही. रविवारी सकाळी हात शिवशिवायचे, पण नाही लावला.

थंडी ओसरल्यावर बॅटरी जोडली, कॉक उघडला, चोक ओढला. दुसऱ्या सेल्फला चालू. तेलाच्या झाकणाखाली आता काही नव्हतं. पहिल्या वळणावर सवयीने ब्रेक जोरात दाबला आणि जवळजवळ पुढे फेकला गेलो. हाताला नवं माप शिकवायला आठवडा लागला.

परवा गाडीखाली जमिनीवर एक हिरवा थेंब दिसला. वॉटर पंपाच्या तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून गळायला लागावं म्हणून. बहुधा इतकी वर्षं त्या तांबड्या गाळानेच ते सील धरून ठेवलं होतं, आणि तो मी तीनदा धुऊन काढला. नवं सील मागवलंय.