मुहूर्ताचा भाव

कापसाचा हंगाम लागला की तालुक्याच्या पानावर एक फोटो हमखास दिसतो. वजनकाट्याची पूजा, पहिली बंडी म्हणजे बैलगाडी आणणाऱ्या कास्तकाराच्या खांद्यावर शाल, मागे ओळीनं बाजार समितीचं संचालक मंडळ, आणि वर मथळ्यात भाव. बातमी खोटी नसते. तो भाव खरंच दिलेला असतो, पण खरेदीच्या मुहूर्ताचा, एक-दोन बंड्यांपुरता. दुसऱ्या दिवशी गाडी भरून नेणाऱ्याला खालचा आकडा ऐकू येतो आणि तो म्हणतो, पेपरवाले विकले गेले.

विकले जायला पगार तरी कुठं असतो? तालुक्याचा वार्ताहर बहुतेक नावापुरत्या मानधनावर असतो; घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. ६ जानेवारीचा दर्पण दिन म्हणजे पत्रकार दिन, वर्धापनदिनाची पुरवणी, पुढाऱ्यांचे वाढदिवस. पानं भरतात बाजार समिती, जिनिंग आणि पतसंस्थेच्या शुभेच्छांनी. ज्याच्याकडं बिलाच्या वसुलीला जायचं, त्याच्याच काट्यातली घट कशी छापणार? पत्रकारावर हात उचलला तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात बंद केली तर कुठलंच कलम लागत नाही.

म्हणून भावाच्या बातमीत आधी आवक बघा, किती क्विंटल. मग किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. नुसता कमाल दिला असेल तर बातमी अर्धीच आहे. हमीभावाचंही तसंच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलला ८,११० रुपये, हे मथळ्यात येतं. पण हा दर ८ टक्के ओलाव्याचा. त्यावर दर टक्क्याला १ टक्का कपात, आणि १२ च्या वर सीसीआय, म्हणजे हमीभावानं खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ, माल घेतच नाही. ११ टक्के ओलावा निघाला तर २४३ रुपये ३० पैसे गेले, हाती ७,८६६ रुपये ७० पैसे. वेचणी दवात झाली की हा फरक पडतोच. एवढी एक ओळ बातमीत आली असती तर खरेदी केंद्रावरची निम्मी भांडणं झाली नसती.

चुकीचं छापलं असेल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर शिव्या घालून काही होत नाही. अंकात बारीक अक्षरांत संपादकाचं नाव-पत्ता असतो. त्या पत्त्यावर कात्रण आणि बाजार समितीचा त्या दिवसाचा दरतक्ता स्पीड पोस्टानं पाठवा, पोच जपून ठेवा. खुलासा नाही आला तर वृत्तपत्रांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी दिल्लीची प्रेस कौन्सिल. दैनिक-साप्ताहिकासाठी मुदत २ महिन्यांची, आणि ती बातमी छापल्या दिवसापासून मोजतात. संपादकाच्या उत्तराची वाट बघत बसलेल्यांची तक्रार इथंच बाद होते. कौन्सिल ताशेरे ओढते, दंड करत नाही. टीव्ही चॅनल तिच्या कक्षेत नाहीत.

काट्यावर गडबड झाली असेल तर वार्ताहराला काटा पावती आणि हिशेबपट्टीची झेरॉक्स द्या. वजन, दर, कपात, तारीख सगळं त्यात असतं. तोंडी सांगितलेलं तो छापणार नाही. संचालकाचा फोन संपादकाला गेला की वार्ताहराला दाखवायला कागद लागतो.