नोंद नाही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आलं ते गच्चीवरचं पर्जन्यमापक आणि भूगोलाच्या बाई. कोणत्या बाई, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको.

आठवीत पावसाची वही माझ्याकडे होती. रोज प्रार्थनेआधी गच्चीवर जायचं, पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा. एका रविवारी मी गेलेच नाही. सोमवारी रविवारच्या रकान्यात ठोकून दिलं, ० मिमी. बाई रागावल्या नाहीत. "पाऊस पडला नाही आणि तू पाहिलं नाहीस, हे एकच का गं?" एवढंच विचारलं. शून्य खोडून 'नोंद नाही' लिहायला लावलं, आणि सोमवारच्या आकड्यापुढे 'दोन दिवसांचा मिळून'. सगळ्या वर्गासमोर. कान लाल झाले होते माझे.

आज मी पर्यावरणावर शोधपत्रकारिता करते, आकडेवारी खणून. लोकांना वाटतं, सगळी उपग्रहांची करामत. तीही असते, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रं २००८ पासून फुकट मिळतात. पण चित्रातलं हिरवं जंगल आहे की एकाच जातीच्या झाडांची लागवड, हे बघायला चालतच जावं लागतं. आणि अर्धा वेळ जातो तो रिकामे रकाने कुणी, कशाने भरले हे शोधण्यात. एका धुराड्याच्या प्रदूषणाच्या नोंदींत तासन्‌तास एकच आकडा, दशांशासकट. खरी हवा अशी गोठून राहत नाही. दुसरीकडे यंत्र बंद असलेल्या तासांना शून्य धरून सरासरी काढलेली. ते तास वगळले, तर सरासरी मर्यादेच्या वर! त्या बातमीला पुरस्कार मिळाला. (एवढी बढाई स्मरणिकेत चालत असावी.) तो घेताना मला आठवीचा वर्ग दिसत होता. बाईंना मात्र ती बातमी दाखवायची राहिली. त्या आधीच गेल्या.

मागच्या खेपेला आले, तर गच्चीला कुलूप. पर्जन्यमापक कुठे गेलं, कुणाला ठाऊक नाही. पाऊस किती झाला ते मुलं मोबाइलवर बघतात.

संपादक मंडळाला एक विनंती. भूगोलाच्या कपाटात खालच्या फळीवर जुन्या वह्या असतील, तर आमच्या वर्षाची काढून बघा. जुलैच्या पानावर एक खोडलेलं शून्य सापडेल.